रिकामी गव्हाण

“चोराने मेंढ्या सोडल्या, उंट सोडला, आणि नेली काय, तर गव्हाण! असला कसला येडा चोर?” टेबलाखाली डोकं खुपसत प्रितम म्हणाला.

मिनलला हसू आलं नाही. निगडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सांताक्लॉज, फुगे, कापसाचा बर्फ, सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या रूथआजींच्या येशूजन्माच्या देखाव्यातली लाकडी गव्हाण तेवढी गायब! तो देखावा बेंजामिनआजोबांनी कोरलेला. भोसरीच्या कारखान्यात लाकडी साचे बनवणारे आजोबा दिवाळीआधीच वारले. आजी यंदा काही मांडणारच नव्हत्या. “द्या ना आजी! मी जपेन!” म्हणून मिनलनेच गळ घातली होती. आता चोवीस तारखेचे चार वाजले होते, आणि सहाला आजी प्रार्थनेसाठी खाली येणार होत्या.

“बाळ येशूपण नेला?” धाकट्या निरंजनने विचारलं.

“नाही रे, तो आजींच्या कपाटात आहे. आज प्रार्थना झाल्यावर त्याला ठेवायचं. जन्माआधी बाळ कुठून येणार? तोवर गव्हाण रिकामीच असते.”

नानासाहेब सोसायटीचे सेक्रेटरी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्यांचा खाक्या. ते स्टुलावर चढून चांदण्या टांगत होते.

“काका, रूथआजींची एक वस्तू हरवलीय,” मिनल म्हणाली.

“त्या एवढ्याशा खोक्यासाठी माझं डोकं खाऊ नका!”

प्रितमने लगेच पकडलं. “काका, आम्ही नुसतं ‘वस्तू’ म्हणालो. खोकं आहे, हे तुम्हाला कसं कळलं?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं! नानासाहेब हळूच खाली उतरले. “अगं, सेल्फीसाठी सकाळी टेबल सरकवलं. रिकामं खोकं, आत पेंढा... मला वाटलं, पुतळ्यांचं पॅकिंग. दिलं सयाजीला, शेकोटीसाठी.”

मुलं गेटकडे धावली. वॉचमन सयाजी राखेशेजारी उभा होता.

“रिकामं व्हतं वो ते, लेकरांनो! मला काय म्हाईत? लई गारठा व्हता,” तो कळवळून म्हणाला. राखेत फळीचा एक काळा तुकडा उरला होता.

मागून नानासाहेब धापा टाकत आले. “हे बघा, आजींना कमी दिसतं. मी प्लॅस्टिकची टोपली आणतो, वर पेंढा टाकू. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना!” मिनल ओरडली आणि तिला रडूच फुटलं. तो तुकडा उचलून ती एकटीच तीन मजले चढली.

आजींनी तुकड्यावरून अंगठा फिरवला. “हा कोपरा त्यांनी दोनदा तासला होता गं,” एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

“मला रागवा ना, आजी!”

आजी रागावल्या नाहीत. मिनलला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सहा वाजता सगळे हॉलमध्ये जमले. नानासाहेबांनी मान खाली घातली. “वहिनी, चूक माझी आहे. चांगला नक्षीचा पाळणा आणून देतो.”

“पाळणा नको, भाऊ. गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. मरिया अवघडलेली होती आणि गावात कुणी जागा दिली नाही. म्हणून देवाचा पुत्र चाऱ्यात निजला. तुम्ही केक कापा, बर्फ लावा, माझी ना नाही. पण ज्याला कुणी दारात उभं करत नाही, त्याच्याकडे देव आला, म्हणून नाताळ.”

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. “आजी, आमच्याकडं शेळीला घमेल्यात चारा घालत्यात. चालंल का?” सयाजीच्या हातात घासून लख्ख केलेलं घमेलं होतं.

“अरे, मग बाहेर काय उभा? आत ये!”

चार वर्षं तो या हॉलची राखण करत होता, पण आत बोलावणं आजच आलं. निरंजनने घमेल्यात पेंढा पसरला. प्रार्थना म्हणून झाल्यावर आजींनी चिमुकलं लाकडी बाळ सयाजीच्या तळव्यावर दिलं. “ठेव तू.” त्याने ते अलगद पेंढ्यावर निजवलं.

“पोरी, तू खरी निघालीस,” नानासाहेब मिनलला म्हणाले. “एवढा मोठा मी, पण घाबरलो.”

“वाईट बातमी घेऊन दार वाजवायला धाडस लागतं. शाब्बास!” म्हणत आजींनी चाचपडत तिचा हात धरला.

आजोबांच्या हातची गव्हाण आता परत येणार नव्हती. पुढे सगळे केककडे वळले, तरी मिनलने आजींचा हात सोडला नाही.