समोरच्या भिंतीवरची हिरवी झाक

बसा. त्या मशीनचं काम संपेपर्यंत सुटका नाही, झोप तर मलाही येतेय. अगं रत्री, दिवा चालूच असू दे.

लुकितो इथेच कामाला होता, हा बायू आता बसतो त्या खुर्चीवर. गेममधला प्रकाश त्याच्याकडे. आधी आम्ही कोपऱ्याकोपऱ्यात खोटे दिवे लपवून उजेड पाडायचो. मग पाथ ट्रेसिंग आलं. एकच दिवा ठेवायचा, किरण आपले आपण आपटत फिरतात, खेळ चालू असतानाच एका वस्तूचा रंग उचलून दुसरीवर टाकतात.

त्या रात्री तो खालच्या गाडीवरून भाताच्या पुड्या आणि आल्याचा चहा आणायला गेला होता. गुरुवार मावळून लागलेली शुक्रवार-क्लिवोनची रात्र, आमच्या जावाच्या पंचांगात भुताखेतांची मानलेली. अशा रात्री इथे योग्या शहरात कुणी उगाच बाहेर पडत नाही. जिन्यातच बहिणीचा फोन.

"दादा, आई गेल्याचा आज शंभरावा दिवस. सगळे प्रार्थनेला बसलेत. तूच नाहीस."

"अगं, सकाळी गिऱ्हाईक येतंय. एका स्वयंपाकघराचा उजेड तेवढा राहिलाय."

"आईच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं आहे का ते?"

ते त्याने आईच्याच स्वयंपाकघरावरून बनवलं होतं. गाव मोटरसायकलने तासाभरावर, पण आम्ही महिनाभर इतके पिचलो होतो की खुर्चीतून उठणंही जिवावर यायचं. मी तर शेजारच्या खोलीत लादीवरच आडवा झालो होतो. पुढचं त्याने मला नंतर सांगितलं.

पडद्यावर चुलीमागच्या भिंतीवर हिरवट झाक होती. त्याला वाटलं, जुनी खोड, खोटा दिवा विसरलो कुठेतरी. शोधला. नव्हता. भांडी काढली, खिडकीचे पडदे काढले. झाक तशीच.

समोर हिरवं पडतंय, म्हणजे हिरवी वस्तू कॅमेऱ्याच्या मागे हवी. त्याने कॅमेरा फिरवला. तिथे काही नाही. पण झाक आता या दुसऱ्या भिंतीवर... समोर.

पुन्हा फिरवला. पुन्हा समोर.

म्हणजे मागेच. सतत मागे.

आईचा सणासुदीला अंगात घालायचा केबाया हिरवा होता.

"आई...?"

त्याने मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. पडद्यामागची ही आपली पांढरी भिंत...

हिरवी.

तो मागे वळला नाही. किल्ली उचलली. खाली मान घालून निघाला.

घरी प्रार्थनेवरून अजून कुणी उठलं नव्हतं. बहीण म्हणाली, "ये. तुझ्यासाठीच लांबवलं." तो परत या खुर्चीवर बसला नाही.

सकाळी आम्ही ते स्वयंपाकघर उघडलं, तर झाक नाही. गिऱ्हाईक खूश. या भिंतीला मात्र मी दोनदा रंग दिला. दर वेळी ती हिरवी झाक वर येते.

आई त्याला न्यायला आली होती, तो गेलाही. मग हे कुणासाठी राहिलं, मला कळत नाही.

बायू, घरी कधी गेला होतास रे शेवटचा?

आठवतही नाही?

बंद कर ते मशीन. आधी आईला फोन लाव. नाही... भिंत हिरवी होतेय, मागे नको बघूस.