सतरा अक्षरांची जागा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण ज्या मुलीच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मामेबहीण आहे, आणि मी यातला एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही, हे आधीच सांगते.

सोमवार, २१ एप्रिल २०२५. दुपारचे सव्वादोन. जळगाव जामोदमधल्या एका खाजगी शिक्षणसंस्थेची कॉम्प्युटर लॅब. बाहेर असं ऊन की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली.

लॅबमध्ये नीरजा एकटी होती.

नीरजा गोरे, वय सत्तावीस, बुलढाण्याची. संस्थेत तीन वर्षं तात्पुरती शिक्षिका. दर जूनमध्ये नवा करार, दर मे महिन्यात जिवाला घोर. मामांना, म्हणजे तिच्या वडिलांना, पेन्शन नाही, घर तिच्याच पगारावर चालतं. यंदा मात्र दाणी सरांनी तिला शब्द दिला होता.

"एवढं एक काम कर. तुझी कायम नेमणुकीची शिफारस मी स्वतः करतो."

रमाकांत दाणी सर. अडुसष्ट वर्षांचे, संस्थेचे मानद संचालक, तालुक्यात कॉम्प्युटर आणणारा माणूस म्हणून त्यांना मोठा मान. संस्थेच्या आठही शाळांचा निकाल त्यांच्या एका प्रोग्रामवर लागायचा. १९९७ सालचा प्रोग्राम, पास्कल भाषेतला. कृपांक, श्रेणी, क्रमांक, सगळं बिनचूक. अठ्ठावीस वर्षांत त्याची एक चूक कुणी काढली नव्हती.

मार्चमध्ये त्याचा जुना कॉम्प्युटर जळाला. नव्यावर प्रोग्राम सुरूच होईना. सुरू करताच 'एरर २००' दाखवून बंद. जुन्या पास्कलचं हे दुखणं जाणकारांना माहीत असतं. सुरू होताना तो मशीनचा वेग मोजतो, आणि नवं मशीन इतकं भरधाव असतं की मोजताना भागाकारच फसतो.

उपाय सोपा होता. मूळ मजकूर घ्यायचा आणि आजच्या कंपायलरवर, म्हणजे मजकुराचा चालता प्रोग्राम करून देणाऱ्या फ्री पास्कलवर, तो पुन्हा बांधायचा.

एक मेला झेंडावंदनानंतर निकाल. त्याच मंचावर या प्रोग्रामसाठी दाणी सरांचा सत्कार. नीरजाकडे दहा दिवस होते.

तिनं फाईल उघडली आणि खूश झाली. इतकं नेटकं काम तिनं पाहिलं नव्हतं. प्रत्येक ओळ जागच्या जागी.

फक्त सुरुवातीला महिरपी कंसाची एक जोडी होती. पास्कलमध्ये त्या कंसात माणसांसाठी टीप लिहितात. कोणी लिहिलं, कधी लिहिलं. कंपायलर ती वाचत नाही.

हा कंस रिकामा होता.

त्याखाली नावासाठी जागा होती. प्रत्येक निकालपत्राच्या तळाशी छापलं जाणारं नाव. इंग्रजी अक्षरांत, रमाकांत दाणी. जुन्या पास्कलमध्ये अशी जागा मोजून कापावी लागते. कापडासारखी.

जागा सतरा अक्षरांची होती. सरांचं नाव मधली मोकळी जागा धरून तेरा. उरलेल्या चार ठिकाणी कोऱ्या जागा टाकून भरती केलेली…

स्वतःचं नाव कोणी चुकीच्या मापानं कापतं का? नीरजाच्या मनात आलं. तिनं ते झटकून टाकलं आणि कंपायल केलं.

एकही चूक नाही. एकही ताकीद नाही. अठ्ठावीस वर्षं जुना मजकूर, आणि नव्या कंपायलरला चूपचाप मान्य.

आणि तेव्हाच लाइट गेली.

पंखे थांबले. पडदा काळा झाला.

मग त्या बंद कॉम्प्युटरमधून आवाज आला…

टिक. टिक. टूंऽऽऽ.

दोन आखूड, एक लांब.

त्या मशीनला स्पीकर नव्हता. वीजही नव्हती. 

दारात खराट्याचा आवाज थांबला. झाडूवाली गोजरबाई उभी होती. साठीची बाई, संस्था सुरू झाली तेव्हापासूनची. 

"काय वाजवू राह्यली व पोरी?"

"मी नाही वाजवलं, मावशी."

"मंग कोनं वाजवलं?" गोजरबाई उंबऱ्याच्या आत आली नाही. "हा मंजूताईचा भोंगा हाय. काम झालं का असाच वाजवे थे."

"कोण मंजूताई?"

गोजरबाईनं मागं वळून पाहिलं आणि खराटा उचलून चालती झाली.

दुसऱ्या दिवशी नीरजानं विद्यार्थ्यांचे आकडे भरले. या प्रोग्रामची एक खोड होती. प्रत्येक वर्गात किती मुलं, हे मजकुरातच लिहावं लागायचं. आकडा बदलला की पुन्हा कंपायल करायचं. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा तरी.

तिनं नमुन्याचा निकाल छापला. तळाशी पाहिलं.

दाणीतलं शेवटचं 'आय' नव्हतं.

छपाईत राहिलं असेल म्हणून तिनं मजकूर उघडला. तिथंही नव्हतं. कोऱ्या जागा आता पाच होत्या…

तिनं अक्षर परत घातलं. कंपायल केलं. पुन्हा उघडलं.

कोऱ्या जागा सहा.

त्या संध्याकाळी दाणी सर नमुन्यावर सही करायला आले. सही करून गेले. नीरजानं कागद उचलला आणि तिथंच बसली.

सही 'रमाकांत दा' एवढीच होती.

गुरुवारी दुपारी तिनं गोजरबाईला चहाच्या टपरीवर गाठलं.

"मावशी, आज खरं सांगा. ही मंजूताई कोण?"

गोजरबाईनं बशीतला चहा संपवला. तोंड पुसलं.

"मंजुश्री खर्चे. मलकापूरकडची. लॅबमंदी कामाले होती, तुह्यासारखीच तात्पुरती. थो निकालाचा परोग्राम तिनंच केला. सा महिने खपली पोरगी. दाणी सर म्हने, मी संस्थेले दाखवून येतो. दाखवला त सोताचं नाव घालून!"

"मग तिनं काही म्हटलं नाही?"

"म्हटलं तं! काऊन नाही म्हननार? पन मंग अध्यक्षाच्या भाच्याचे मार्क वाढलेले सापडले. सरांनीच वाढवले होते, मले माईत हाय. आळ घातला हिच्यावर. एक मेले, झेंड्याखाली, सगळ्या पोरायसमोर मायकवर नाव घेतलं तिचं. मंजुश्री खर्चे चोर हाय, तिले काढलं म्हून." गोजरबाईचा आवाज चिरकला. "महिन्याभरात गेली थे. जेवन सोडलं होतं. तिचं नाव तेवढंच मोठ्यानं घेतलं कोनी. त्याच्यानंतर कोनी घेतलं नाही. मी बी नाही. मले बी पोट होतं ना व माय."

नीरजानं टेबलाखाली बोटं मोजली. मंजुश्री खर्चे. इंग्रजी अक्षरं, मधली मोकळी जागा धरून.

सतरा. बरोब्बर सतरा.

तिला राग आला. खरंच आला. ती तशीच दाणी सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हा प्रोग्राम मंजुश्री खर्चे यांनी…"

सरांनी चष्मा काढला. 

"नीरजा, तुझी फाईल माझ्या टेबलावर आहे. सही मंगळवारी करणार आहे. वडिलांची तब्येत कशी आहे?"

बस्स. एवढंच.

आणि माझी बहीण गप्प बसली. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगा.

ती लॅबमध्ये परत आली आणि सरांचं नाव पुन्हा पूर्ण टाईप केलं. स्वतःच्या हातानं.

टिक. टिक. टूंऽऽऽ.

या वेळी आवाज कॉम्प्युटरमधून आला नाही. तिच्या खुर्चीच्या मागून आला…

मागे कोणी नव्हतं. फक्त शेजारची खुर्ची, जी तिनं सकाळी स्वतः टेबलाखाली सरकवली होती, ती बाहेर ओढलेली होती. कोणीतरी पडदा बघायला बसावं तशी.

नीरजानं रोज सरांचं नाव भरलं. रोज अक्षरं गेली. पडद्यावर जितकं उरायचं तितकंच सरांच्या सहीत उरायचं. मंगळवारी सरांनी तिच्या फाईलवर सही केली, तेव्हा त्यात फक्त 'रमा' होतं. ऑफिसात कुणी पाहिलं नाही. शिक्का बसला.

बुधवारी शेवटचं कंपायल. निकाल छापून झाला. आठशे चाळीस निकालपत्रं. प्रत्येकाच्या तळाशी नावाच्या जागी कोरा पट्टा…

एक मे. सकाळचे आठ. झेंडावंदन झालं. मंडपात पोरं, पालक, पुढारी. अध्यक्षांनी माईकवरून भरभरून कौतुक केलं. दाणी सर उठले. शाल आली, नारळ आला, चौकटीतलं मानपत्र आलं. टाळ्या.

सर माईकसमोर उभे राहिले.

"मी…"

थांबले.

"मी…"

 सरांनी हातातल्या मानपत्राकडे पाहिलं. सोनेरी अक्षरांतलं नाव वाचलं. मग अध्यक्षांकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं,

"हे कोणाला द्यायचंय?"

आणि माईकमधून, सगळ्यांच्या देखत, आवाज आला…

टिक. टिक. टूंऽऽऽ.

लोकांना वाटलं माईक बिघडला. सर मंचावरच खाली बसले. ते आजही हयात आहेत. अकोल्याच्या डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला. सून त्यांना दिवसातून दहा वेळा नाव सांगते. ते ऐकून घेतात आणि विचारतात, हे कोण गृहस्थ?

त्या गोंधळात अध्यक्षांनी नीरजाला मंचावर बोलावलं. कार्यक्रम तर पुढे न्यायला हवा होता.

"आमच्या नीरजाताईंनी हा प्रोग्राम नव्या कंपायलरवर आणला. आता तोच त्यांचा. बोला ताई, दोन शब्द."

माईक तिच्या हातात होता. मंडपाच्या कडेला गोजरबाई उभी होती. तिनं हात जोडले होते.

"घे व पोरी," ती तिथूनच म्हणाली. "नाव घे तिचं."

माईक तोच. दिवस तोच. झेंडा तोच. एक नाव घ्यायचं होतं फक्त.

नीरजा म्हणाली, "मी हा प्रोग्राम सांभाळेन. धन्यवाद."

टाळ्या पडल्या.

जूनमध्ये तिला कायमची ऑर्डर मिळाली. आम्ही पेढे खाल्ले. नावाच्या जागी अध्यक्षांच्या सांगण्यावरून तिनं स्वतःचं नाव टाकलं होतं. मन खात होतं म्हणून वरच्या रिकाम्या कंसात गुपचूप लिहिलं, 'मूळ काम मंजुश्री खर्चे यांचं'. दुसऱ्या दिवशी कंस पुन्हा रिकामा होता. कंसातलं कंपायलर वाचत नाही, हे मंजुश्रीला नीरजापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

हे सगळं नीरजानं मला दिवाळीत सांगितलं. आमच्या गच्चीवर, दुपारी, पापड वाळत घालताना.

"मग जा ना, माईकवर जाऊन तिचं नाव घे," मी म्हटलं. "सव्वीस जानेवारीला घे."

"म्हणतील आधी काऊन नाही सांगितलं? काढून टाकतील गं. बाबांच्या गोळ्याच महिन्याला केवढ्याच्या येतात."

"आणि तुझं नाव?"

तिनं पापड उलटवला. तेवढ्यात खाली कुरिअरवाला आला. माझे हात पिठाचे होते, म्हणून सही तिनं केली. मी नंतर ती पावती पाहिली.

'नीरजा गो'. बस, एवढंच.

सहामाहीचा निकाल नोव्हेंबरमध्ये होता. आठ शाळा. वर्गांचे आकडे बदलायचे. प्रत्येक बदलाला कंपायल. मी रोज फोन करायचे. आधी ती हसून बोलायची. मग कमी बोलायला लागली.

काल मी ठरवलं, आता हे लिहायचंच. नीरजाची नोकरी गेली तर गेली. म्हणून इथं उघड लिहिते आहे. तिचं नाव मंजुश्री खर्चे. तो प्रोग्राम तिचा होता. ती चोर नव्हती.

इथवर लिहून झाल्यावर बहिणीला कळवावं म्हणून फोन लावला. दुपारचे सव्वादोन वाजले होते. तिनं उचलला.

"नीरजा, ऐक…"

पलीकडे कीबोर्डची टकटक.

"नीरजा?"

मग तिचा आवाज आला. अगदी शांत, अगदी नम्र.

"कोण नीरजा?"

आणि तिच्या मागून, खूप जवळून…

टिक. टिक. टूंऽऽऽ.