पोन्नीच्या वेणीतली फुलं

फोन वाजला तेव्हा अंबुजाचा तान्हा अंगावर पिता पिता नुकताच झोपला होता. तिनं एका हातानं त्याचं डोकं सावरलं आणि दुसऱ्या हातानं फोन कानाशी धरला.

"मॅडम, करुणा निवास अनाथाश्रमातून एक पोरगी पळवलीय," सब-इन्स्पेक्टर साईराम म्हणाला. "पोन्नी नाव. सात वर्षांची. पळवणारी बाई आमच्या ताब्यात आहे. फूलवाली."

"आणि मुलगी?"

"ती कुठंय ते बाई सांगत नाही. सांगेल. तुम्ही फक्त या आणि बाल संरक्षण कार्यालयातर्फे लिहून द्या, या पोरीला जगात कुणी नाही म्हणून. म्हणजे गुन्हा पक्का होतो. आज संध्याकाळी डेन्मार्कचे पाहुणे यायचेत. त्याआधी आवरून टाकू."

"मुलगी सापडली नाही आणि आवरायचं काय, सार?"

अंबुजानं फोन ठेवला.

सासूबाईंनी, कृष्णवेणीबाईंनी, नातवाला अलगद उचलून घेतलं. तमिळ मुलखातल्या या घरात तीनशे वर्षं मराठी बोलली जात होती. अर्धी तमिळ झालेली, पण ठसक्यात तशीच.

"जा," त्या म्हणाल्या. "पण त्या साहेबांपुढं नुसती मान हलवून येऊ नकोस."

"मी कधी हलवलीय?"

"म्हणून तर तुझी बढती होत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि खुशीत हसल्या.

*

करुणा निवासच्या व्हरांड्यात स्वागताचे फलक लागत होते. डेन्मार्कमधल्या एका लहानशा गावातलं चर्च या आश्रमाला पोसत होतं. आजूबाजूच्या खेड्यांतली चारपाच छोटी चर्चंही त्यांनीच बांधून दिली होती.

संचालिका एस्तर अम्मा दारातच उभ्या होत्या. पन्नाशीची बाई. पांढरी साडी. अंगावर दागिना नाही, केसांत फूल नाही. त्यांच्या पंथाचा तो नेमच होता. अंगणातल्या मुलींच्या वेण्याही चापूनचोपून घातलेल्या, काळ्या रिबिनीच्या.

"शेवटचं कधी पाहिलंत पोन्नीला?" अंबुजानं विचारलं.

"सकाळच्या प्रार्थनेला. वेणीत फुलं माळून आली होती. मी रागावले. प्रार्थना संपली आणि बघते तर पोरगी नाही. मागच्या दाराशी ही सर पडली होती."

त्यांनी केळीच्या पानावर ठेवलेली सर पुढं केली. गुलाबी कण्हेर. केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली, अजून टवटवीत.

"हीच होती वेणीत?"

"हीच. दोन्ही वेण्यांच्या मधे आडवी माळली होती. या डोळ्यांनी पाहिली."

"नक्की?"

"मॅडम, मी प्रभूची सेविका आहे."

"आणि ही फुलं त्या बाईची, हे कशावरून?"

"अम्मन देवीच्या देवळाशी बसते ती. वासुकी. महिनाभर पोन्नीच्या मागं लागलीय. म्हणे, मी हिची आई. पाहुणे यायचे दिवस आले की अशा आया उगवतात. हिनं फुलांचं आमिष दाखवलं आणि नेलं पोरीला."

अंबुजानं सर उचलली, उलटीपालटी केली आणि परत पानावर ठेवली.

मुलींच्या खोलीत भाग्यम नावाची एक थोरली मुलगी पोन्नीची चादर घडी करत बसली होती. अंबुजा तिच्या शेजारी जमिनीवरच टेकली.

"मैत्रीण का गं तुझी?"

भाग्यमनं मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "अक्का, तिला धाप लागते. पंप लागतो तोंडात मारायला."

"तो कुठं असतो?"

"एस्तर अम्मांच्या कपाटात. किल्ली अम्मांच्या कमरेला असते. आम्हाला मागावा लागतो."

अंबुजानं ते कपाट उघडायला लावलं. गोळ्या होत्या, मलमं होती. पंप नव्हता.

"अरे!" एस्तर अम्मा म्हणाल्या. "पोरीनं खिशात घातला असेल."

"कपाटाला कुलूप होतं ना?"

"घाईत उघडं राहिलं असेल. पाहुण्यांची किती तयारी आहे, बघताय ना तुम्ही."

बाहेर मोपेडचा आवाज आला. धोतर सावरत एक म्हातारे पास्टर उतरले. ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका खेड्यातले देवसहायम. चेहरा रागानं लाल.

"एस्तर, माझ्या चर्चचं नाव कार्यक्रमातून कापलंस? पाहुण्यांनीच बांधलेलं चर्च, आणि पाहुण्यांनाच दाखवायचं नाही? आमच्या बायका कालपासून पायसमचा गूळ चिरतायत!"

"सांगितलं ना, पास्टर अय्या. रंग ओला आहे."

"रंग? रंग ईस्टरला दिला! आणि माझी किल्ली कशाला मागवून घेतलीस?"

"आत्ता नको," एस्तर अम्मा दातांखालून म्हणाल्या. "इथं पोर हरवलीय."

पास्टर मोपेडकडं वळले. अंबुजा मात्र त्यांच्याकडंच बघत राहिली.

*

पोलिस ठाण्यात वासुकी भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, पण नजर खाली गेलेली नव्हती.

"तुम्हीपण कागदच मागणार?" तिनं आल्या आल्या विचारलं. "माझ्याकडं नाही. पुरात घर गेलं तेव्हा सगळं गेलं."

"मी कागद मागत नाही. पोन्नी तिथं कशी गेली ते सांग."

"मी ठेवली. तिचा बाप भाताच्या शेतात सापाचं पान लागून मेला. मला तिरुप्पूरला गिरणीत काम मिळालं. तिथल्या धुळीत पोरीला धाप लागायची. एस्तर अम्मा म्हणाल्या, ठेव इथं, शिकेल, हवं तेव्हा घेऊन जा. आता परत आले तर म्हणतात, कोण तू?"

"आज सकाळी गेली होतीस तिकडं?"

"आज नाही. रोज मागच्या दाराशी जायची. दार उघडत नसत. मी नुसती उभी राहायची. तिनं वरून हात हलवला की निघायची."

"तिच्यासाठी फुलं न्यायचीस?"

"कनकांबर, अबोली. मधे थोडा मोगरा आणि शेवटी दवण्याची काडी. लहानपणापासून तेच आवडतं तिला. दाराच्या फटीतून आत सरकवायची." ती पुढं सरकली. "बाई, मला कोंडा हवं तर. पण आधी तिला शोधा. धाप लागली तर ती बोलूसुद्धा शकत नाही."

अंबुजाच्या छातीत दूध दाटलं. ब्लाउज ओला झाला तसा तिनं पदर घट्ट लपेटून घेतला. घरी तान्हा उठला असेल, रडत असेल. पण तो कुठं आहे हे तिला माहीत होतं. या बाईला एवढंही माहीत नव्हतं.

साईरामनं टेबलावर कोरा कागद सरकवला. "लिहा, मॅडम. मुलगी निराधार. एक ओळ. तुमच्या वरिष्ठांशी बोलणं झालंय माझं."

"नाही लिहिणार."

"पाहुणे मोठे आहेत. एस्तर अम्मांना अख्खं गाव ओळखतं. आणि ही बाई?"

"ही बाई खरं बोलतेय."

"कशावरून?"

"संध्याकाळी प्रार्थनेच्या हॉलमध्ये या. हिलाही घेऊन या. मी चुकले तर तुम्ही सांगाल ते लिहीन, आणि वर नोकरीचा राजीनामाही लिहीन."

"हट्टी आहात, मॅडम."

"घरात सगळे तेच म्हणतात," अंबुजा म्हणाली आणि उठली.

बाहेर देवसहायम पास्टर तिनं सांगितल्याप्रमाणं थांबले होते. ती त्यांच्या मोपेडवर मागं बसली. कालव्याच्या कडेकडेनं, भाताच्या हिरव्यातून ते निघाले. चर्च गावाबाहेर नारळांच्या बागेत होतं. दाराला कुलूप. खिडक्या बंद. भिंतीला बोट लावलं तर कोरडी ठणठणीत.

"बघा," पास्टर म्हणाले. "कोण आहे इथं? कुणी नाही."

अंबुजानं पायरीकडं बोट दाखवलं. तिथं दोन जोड चपला होत्या. एक बाईच्या, टाचेला झिजलेल्या. एक इवल्याशा, निळ्या.

पास्टरनी त्या पाहिल्या आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. त्यांच्या चर्चमध्ये कुणीही चपला घालून आत जात नसे. कुलूपबंद चर्चमध्येसुद्धा.

*

संध्याकाळी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत डेन्मार्कचे पाहुणे. मधोमध बिर्गित नावाची पांढऱ्या केसांची बाई. एका बाजूला साईराम, त्याच्याजवळ वासुकी. मुली गाणं म्हणायला उभ्या राहणार, तोच अंबुजा पुढं आली.

"गाण्याआधी मला बोलायचंय. पास्टर अय्या, पाहुण्यांसाठी इंग्रजीत सांगाल?"

"हे काय चाललंय?" एस्तर अम्मा उठल्या.

"तुम्ही बसा, अम्मा. तुम्हीच दिलेली साक्ष सांगतेय मी." तिनं केळीचं पान उघडलं. "ही सर पोन्नीच्या वेणीत होती, असं तुम्ही म्हणालात. डोळ्यांनी पाहिली म्हणालात. ही कण्हेर आहे. आमच्याकडं कण्हेर देवाला वाहतात. अम्मनला, पिल्लयार गणपतीला. कुठलीही आई ती पोरीच्या केसांत माळत नाही. मग रोज फुलं ओवणारी आई कशी माळेल? पोन्नीला ती कनकांबर आणायची. ही सर कुणाच्याही वेणीत नव्हती. ती मागच्या दाराशी आणून टाकली होती. फुलं कधीच न माळलेल्या, सगळी फुलं सारखीच वाटणाऱ्या माणसानं."

पहिल्या रांगेत कुजबुज झाली.

"फूल वासुकीच्याच टोपलीतलं असायला हवं होतं. म्हणून काल तुम्ही ड्रायव्हरला पाठवलंत. तोही तुमच्याच पंथातला. उठून दिसली ती सर घेऊन आला. विचारलंय मी त्याला."

"फुलं न माळणं हा आमचा नेम आहे," एस्तर अम्मा ताठ मानेनं म्हणाल्या. "त्याची थट्टा करू नका."

"थट्टा नाही करत. नेमाला माझा नमस्कार. पण खोटं बोलायचा नेम तर नाही ना?"

"नाही," पास्टर देवसहायम भाषांतर सोडून मधेच गरजले. "तो आमचा नेम नाही!"

"मग पंप," अंबुजा पुढं म्हणाली. "चोरून नेणाऱ्या बाईला तुमच्या कपाटातला पंप कसा मिळेल? पोन्नीला नेणाऱ्याकडं किल्ली होती, आणि तिला धाप लागू नये अशी काळजीही होती. ती काळजी खरी होती, अम्मा. तेवढं मी मानते. पण त्या काळजीनंच तुमच्याकडं बोट दाखवलं. आणि मग रंग. ईस्टरला दिलेला रंग आज ओला कसा? पाहुणे जिथं जाणार नाहीत अशी एकच जागा तुम्ही आज तयार केलीत, आणि तिची किल्ली मागवून घेतलीत."

तिनं दाराकडं पाहिलं. भाग्यमनं दार उघडलं.

चर्चचं कुलूप फोडून बाहेर काढलेली पोन्नी आश्रमाच्या आयाबाईचं बोट धरून आत आली. क्षणभर गोंधळली. मग गर्दीत तिला वासुकी दिसली.

"अम्मा!"

साईरामनं वासुकीला अडवायला हात पुढं केला होता. तो त्यानं आपणच मागं घेतला.

"पाहुणे गेले की आईकडं सोडते, असं एस्तर अम्मांनी हिला सांगितलं होतं," अंबुजा म्हणाली. "आणि आईला मात्र तुरुंगात धाडायची तयारी केली होती. म्हणजे सोडायला कुणी उरलंच नसतं."

एस्तर अम्मांचा चेहरा पडला नाही. उलट त्या एक पाऊल पुढं आल्या.

"हो, मीच केलं! आई असलेल्या पोरीचा फोटो तिकडं चर्चच्या भिंतीवर कोण लावतं, सांगा मला? त्यांना अनाथच हवे असतात. एकीची आई समोर आली की सगळ्यांच्या आया शोधत बसतील. मग इथली चूल कशी पेटायची? खेड्यांतली चर्चं कुणी चालवायची? तुमचं सरकार चालवणार?"

"हे त्यांनाच विचारायचं होतंत," अंबुजा म्हणाली. "समोर बसल्यात त्या."

पास्टर सांगत गेले. बिर्गित शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग उठली. तिचे शब्द स्वच्छ होते. पास्टरनी ते तमिळमध्ये सांगितले.

"त्या म्हणतात, आमचं सगळं गाव दोन वर्षं प्रार्थना करतंय, देवा, या मुलीला कुणीतरी दे. आमचं मागणं आधीच ऐकलं गेलं होतं. आणि ते तुम्ही आमच्यापासून लपवलंत?"

साईराम एस्तर अम्मांजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "चला, अम्मा." त्या गेल्या तेव्हा काही लहान मुली रडल्या. त्यांच्यासाठी त्याही आईच होत्या, हे अंबुजाला दिसत होतं. म्हणून तिनं लगेच भाग्यमला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आश्रम बंद होणार नाही. कुणालाही इथून हाकलणार नाही. बघतेच मी, कोण हाकलतं ते."

बिर्गित वासुकीसमोर येऊन उभी राहिली. पास्टरनी विचारलं, "त्या विचारतायत, आम्ही तुझ्यासाठी काय करू?"

वासुकीनं डोळे पुसले. पोरीला कडेवर घेतलं. सात वर्षांची, लांब पायांची पोर, पण घेतलंच.

"माझ्यासाठी काही नको. हिला शिकवा. सकाळी मी आणून सोडीन, दिवेलागणीला घेऊन जाईन. इथं ती झोपणार नाही. आणि तिकडं भिंतीवर लावायला हिचा फोटो हवा असेल, तर त्यात मी असणार. मला कापून काढायचं असेल, तर फोटो नको."

पास्टरनी शब्दन् शब्द सांगितला. जरासुद्धा मऊ केला नाही.

बिर्गितनं पर्समधून मोबाइल काढला. दोन्ही हातांनी धरला.

"स्माइल," ती म्हणाली.

पोन्नी हसली. वासुकी हसली नाही. पोरीला छातीशी धरून, मान ताठ ठेवून, तिनं त्या काचेत सरळ रोखून पाहिलं.