येते म्हणजे

ऑफिसात तिला सगळे खुलासेबाई म्हणत. कामच तसं होतं. तिची कंपनी वृद्धनिवासांसाठी एक एआय मदतनीस बनवायची. दारं, दिवे, लिफ्ट, घंटी ही त्याची अवजारं. कोणतं अवजार काय करतं, कधी वापरायचं आणि कधी त्याला हात लावायचा नाही, हे मदतनिसाला कळेल अशा स्वच्छ मराठीत ती लिहून द्यायची. माणूस अर्धं ऐकतो आणि उरलेलं समजून घेतो. यंत्राला लिहिलं तेवढंच कळतं. म्हणून ती शब्दाशब्दाचा कीस पाडायची. 'वगैरे' दिसलं की खोडायची, 'शक्यतो' दिसलं की विचारायची, म्हणजे नेमकं केव्हा? कॅन्टीनमध्ये कोणी 'थोडी साखर' मागितली तरी लोक तिच्याकडे बघून हसायचे.

सगळ्यात जास्त कौतुक झालं ते दाराविषयी लिहिलेल्या मजकुराचं. सुरुवातीला मदतनीस बाहेर पडलेल्या माणसामागे दार लावून घ्यायचा, दिवा मालवायचा, आणि चक्कर मारून आलेले आजोबा पायरीवर ताटकळत बसायचे. तिने लिहिलं: 'निघणारी व्यक्ती "येतो" किंवा "येते" म्हणाली, तर ती येणार आहे असे समजावे. ती येईपर्यंत दिवा चालू ठेवावा, लिफ्ट थांबवून ठेवावी, आणि ती आत आल्याशिवाय लिफ्टचे दार मिटू नये.' साहेबांनी ते भर मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. पुढे कितीतरी दिवस ती हवेत होती.

मग एका दुपारी, ज्याला सगळे चष्मिस म्हणत तो प्रोग्रॅमर लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"ताई, एका ठिकाणची तक्रार आहे. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे, तरी संध्याकाळ झाली की तिथला दिवा लागतो. लिफ्ट खाली जाते आणि दार उघडं टाकून उभी राहते. बाकीची म्हातारी माणसं जिना चढतायत."

कोणतं ठिकाण, हे तिला विचारावं लागलं नाही. अलीकडेपर्यंत त्या खोलीत तिचे वडील राहत होते. ऑफिसात कोणालाच ते माहीत नव्हतं. वडिलांना तिथे ठेवलंय हे सांगायची तिला लाज वाटायची, आणि ते गेल्यावर तर सांगायला तोंडच उरलं नव्हतं.

चष्मिसने मदतनिसाला विचारलं, दिवा का लावतोस? पडद्यावर उत्तर उमटलं: 'पाहुणी "येते" म्हणून गेली आहे. अजून आलेली नाही.'

"पाहुणी!" चष्मिस हसला. "हे तिथे राहणाऱ्यांपुरतंच आहे, असं लिहायचं राहिलंय तुमचं. तुमच्याकडून असं व्हावं म्हणजे कमाल आहे."

"राहिलं खरं," ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

त्या खोलीतल्या शेवटच्या भेटीत फोनकडे बघत, पायात चप्पल सरकवत ती म्हणाली होती, 'येते हं, बाबा.' म्हणजे जाते. निघताना 'जाते' असं कोण म्हणतं? तोंडात बसलेलंच असतं ते. नंतर कामं निघाली, मग सर्दी झाली, मग नुसताच कंटाळा. हो, कंटाळाच, त्याला दुसरा शब्द नव्हता. 'बघते, पुढच्या रविवारी,' असं फोनवर म्हणत तिने वेळ मारून नेली. शेवटी गेली ती थेट हॉस्पिटलात, तेव्हा ते बोलत नव्हते. खोली आवरायलाही ती गेली नाही. सामान मागवून घेतलं.

तिने वाक्य जोडलं: 'हे फक्त निवासी व्यक्तींना लागू. पाहुण्यांना नाही.' कोणाला काही कळलं नाही, सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चष्मिस पुन्हा आला. आज तो हसत नव्हता.

"दिवा लागलाच. आता भलतंच कारण देतोय."

तिने वाचलं: 'निवासी व्यक्ती विचारते, ती आली का. "येते म्हणाली आहे" असे सांगितले.'

"खोलीत कोणी नाहीये, ताई. मग विचारतंय कोण?"

"जुनं काहीतरी अडकलं असेल. मी बघून येते." शब्द निसटला आणि तिने जीभ चावली.

संध्याकाळी ती पोचली तेव्हा लिफ्ट तळमजल्यावर उघडीच होती. आतला पिवळा उजेड फरशीवर पडला होता. सिस्टरने तिला ओळखलं.

"उशिरा का होईना, आलात," सिस्टर म्हणाली. "रोज विचारायचे हो ते. आम्हाला नाही, त्या यंत्राला. ते सांगायचं, येते म्हणाली आहे. की लगेच दाढी करून, दाराकडे तोंड करून बसायचे. आम्हाला वाटायचं, तुम्हीच तसं सांगून ठेवलंय."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून तिनेच ठेवलं होतं, एकही शब्द संदिग्ध न ठेवता.

ती लिफ्टमध्ये शिरली. दार अलगद मिटलं.

वर खोलीचं दार तिचा हात लागण्याआधीच उघडलं. दिवा चालू होता. लोखंडी पलंगावर गुंडाळलेली गादी, दाराकडे तोंड केलेली खुर्ची. बाकी काही नाही. फक्त दाढीच्या साबणाचा ओला वास.

"बाबा, आले," ती म्हणाली.

दिवा मालवला.

माणूस आलं की दिवा बंद. तिच्या शब्दाला धरूनच होतं ते. पॅसेजमधून येणाऱ्या अंधुक उजेडात ती खुर्चीच्या पाठीला धरून रडली. "चुकलं माझं," म्हणाली.

उंबऱ्याशी पुन्हा तोच शब्द ओठांवर आला. तिने गिळला. आता तरी खरं बोलायचं.

"जाते, बाबा."

कानाला तो शब्द इतका वाईट लागला की ती जवळजवळ पळतच लिफ्टमध्ये शिरली. बटण दाबलं.

दार मिटेना.

पुन्हा दाबलं. छतातून मदतनिसाचा मऊ आवाज आला.

"कृपया थांबा. निवासी व्यक्ती 'येतो' म्हणाली आहे."

"कोणाला?"

"तुम्हाला."

पॅसेज रिकामा होता. साबणाचा वास जवळ आला.

लिफ्ट किंचित दबली, माणूस आत आल्यावर दबते तशी.

मग दार मिटलं.