घोडेवाल्यांचं सोंग

भाताची झोडणी आटोपली आणि मी जव्हारहून साखरशेतला आईकडे राहायला आले. तिच्या वडिलांनी, माझ्या जिवाआजाने, खाणं सोडलं होतं. डोळे तर आधीच गेलेले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. "पोटात काहीतरी जाऊ दे," एवढंच ते म्हणाले. मी देवापुढे दिवा लावला आणि बोलले, रोज आजा खाईल तेव्हाच मी खाईन.

"तुझ्या उपासानं त्याचं पोट भरतं का गं, प्रमिला?" आई म्हणाली.

"भरेल," मी म्हटलं.

नाही भरलं. नाचणीच्या पेजेची वाटी तशीच परत यायची. मी पाण्यावर राहायचे.

मग मला ते सिनेमे आठवले. लहानपणी शेजारच्या तुकाकाकाने ठाण्याहून टीव्ही आणला होता, सोबत घोड्यांवरच्या टोपीवाल्या गोऱ्यांच्या विनोदी सिनेमांच्या सीडी. इंग्रजी कुणालाच कळत नसे. सगळ्यांच्या तोंडचं आजाच बोलायचा. जाड्या फौजदाराचं खोकत, काटकुळ्या नायकाचं नाकातून. नायक चढायला गेला की घोडा मुद्दाम पुढे सरकायचा, आणि आजा घोड्याच्या वतीने म्हणायचा, "आधी आंघोळ कर, मग बस!" मी त्याच्या मांडीवर हसून हसून लोळायचे.

फक्त मधेच त्याला हाक मारायची नाही. आजा बोहाड्यात, गावच्या देवादिकांच्या सोंगांच्या उत्सवात, घराण्याचा मुखवटा घेऊन नाचायचा. मुखवटा चढला की त्या माणसाला हाक मारत नाहीत. ओ कोण देईल, सांगता येत नाही. सिनेमा लागला तरी आजाचा नियम तोच. "मी सोंगात हाय. हाक नको मारू, बाय."

त्यातला एक सिनेमा मोबाइलवर सापडला. दुपारी त्याच्या उशाशी लावला. टापा वाजल्या तसे आजाचे ओठ हलले. "आधी आंघोळ कर…"

मी चमचा पुढे केला. त्याने गिळला. त्या दिवशी मी जेवले, आणि जेवताना रडले.

मग रोज दुपारी तेच. वाटी रिकामी होऊ लागली.

"म्हातारा नाटकी हाय," आई दारातून म्हणायची. "सिनेमा पायजे व्हता, तर सांगायचं ना तोंडानं!"

"तू लाग नाचणी भरडायला," आजा म्हणायचा. "इथं घोडा पळून चाललाय."

एका दुपारी गुत्त्यातल्या प्रसंगात आजा निराळ्याच आवाजात बोलला. हळू, कोरडा आवाज. "जागा हाय का इथं?"

पडद्यावर कुणाचेच ओठ हलत नव्हते. कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं.

सिनेमा संपल्यावर मी विचारलं, "तो कोण होता रे?"

"भुकेला हाय बिचारा," आजा म्हणाला.

दुसऱ्या दुपारी त्या टेबलाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. बाकी सगळ्यांना कोट, टोप्या. याची पाठ उघडी, हाडं मोजावीत अशी. काल आपलीच नजर चुकली असेल, असं म्हणून मी नामजप करत राहिले. पण सिनेमा बंद करावा, तर आजा तोंड मिटून घेई.

मग ती पाठ रोज दिसू लागली. रोज थोडी जवळ.

शेवटी ती इतकी जवळ आली की मागचा गुत्ता दिसेना. आजा त्या कोरड्या आवाजात म्हणाला, "पेज गरम हाय का?"

मी चमचा मागे घेतला.

"आजा!" मी हाक मारली.



पडद्यावरच्या माणसाने मान वळवली.

आणि खाटेवरून त्याच कोरड्या आवाजात उत्तर आलं, "ओ."

आता आजा पोटभर जेवतो. अंगावर मांस धरलंय. आई म्हणते, तुझं व्रत फळलं. मी एकदा त्याचे पाय चेपता चेपता विचारलं, "आजा, घोडा काय म्हणायचा रे?"

"कुठला घोडा?" तो म्हणाला.

मोबाइलवर सिनेमा लावला की कोपऱ्यातल्या टेबलाशी एक म्हातारा दिसतो. तोंड आमच्याकडे, डोळे पांढरे. घोडा पुढे सरकला की त्याचे ओठ हलतात.

आजा खाईल तेव्हाच मी खाईन, असं देवापुढे बोललेय. म्हणून दोन वाट्या भरते. खाटेवरची बघता बघता संपते. मोबाइलपुढची संपायला वेळ लागतो. माझा आजा सावकाश खातो.