धाकटीच्या पेशी

ताईच्या रक्ताला कर्करोगाने धरलं होतं. साध्या औषधांना तो दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी जालीम औषधं देऊन तिच्या हाडांतला बिघडलेला मगज पार पुसून टाकला आणि धाकट्या बहिणीच्या मूळपेशी नळीवाटे तिच्या अंगात सोडल्या. आता त्या रुजेपर्यंत काचेच्या खोलीत एकटीने राहायचं. रुजल्या तर ताई वाचणार, नाहीतर डॉक्टरही हात टेकणार होते.

धाकटी पट्टीची पोहणारी. दुपारचं पोहणं आटोपलं की तलावावरून थेट इस्पितळात यायची आणि काचेपलीकडून फोनवर ताईची फिरकी घ्यायची.

"माझ्या पेशी आहेत, बरं का! आता तरी पाण्याला घाबरू नकोस, भित्रे!"

ताईला जन्मात पोहता आलं नव्हतं. पण दुपारच्या गुंगीत ती पोहू लागली. हिरवट, कोमट पाणी, हलकं झालेलं अंग, कानांत नुसती शांतता. इतकं सुख तिला आजारापूर्वीही कधी लाभलं नव्हतं. जाग यायची तेव्हा उशी ओली असायची आणि बोटांची टोकं सुरकुतलेली.

"घाम असेल," नर्स म्हणाली. मग तिने उशी हुंगली. उशीला क्लोरीनचा वास येत होता.

तपासणीत पेशी हळूहळू वाढत होत्या.

एकदा धाकटी आली ती चेहरा पाडूनच.

"ताई, गंमत सांगू? आज पाण्यात हात कसे मारायचे तेच आठवेना. गटांगळ्या खाल्ल्या. मी!"

ताई उठून बसली. "उद्या जाऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

"काहीतरीच तुझं! चार हात मारले की येईल. नाहीच आलं तर तू बरी हो आणि शिकव मला." काचेवर टिचकी मारून ती निघून गेली.

दुसऱ्या दुपारी ताईने डोळे ताणून धरले. झोपायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. पण औषधांनी पापण्या मिटल्याच.

पाणी आज खोल होतं. ती झरझर पुढे निघाली असताना खालून कुणीतरी तिचा पाय धरला.

घट्ट.

तिने जिवाच्या आकांताने पाय झटकला. पकड सुटली. ती वर आली, छातीभर श्वास घेतला आणि जागी झाली.

नर्स मास्कआडून हसत होती. "रुजल्या हो पेशी! जिंकलात तुम्ही!"

ताईने धाकटीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पायांवरचं पांघरूण सारखं करायला नर्सने ते उचललं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"ताई, हे वळ कसले?"

घोट्याभोवती पाच बोटं उमटली होती, निळी, खाली तळव्याकडे घसरत गेलेली.

फोन वाजतच होता.