डावीकडची सीट

सिद्धेश थापा मारणारा नाही, हे आधीच सांगते. माझा सख्खा मावसभाऊ आहे तो. हे गेल्या नोव्हेंबरात घडलं, जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या बाहेर, जुन्या रेसिंग कार दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये.

तिथे सिद्धेश आणि नाशिकचा वेदांग, दोघंही प्रोबेत्साइटवर, म्हणजे उमेदवारीच्या काळात. कायम होणार एकच जण.

त्यांच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची शर्यतीची गाडी होती. तिच्या इंजिनाला पेट्रोल आपोआप मिळायचं नाही. डावीकडे बसलेला मेकॅनिक हातपंपाने टाकीत हवा भरत राहायचा. त्याचा हात थांबला की इंजिन बंद.

टाकी कुठेतरी गळत होती, म्हणून रात्रभरात ती हवा उतरायला हवी होती.

पण रोज सकाळी दाबाचा काटा... वर.

सिद्धेशच्या डोक्यात किडा वळवळला. वेदांगच गुपचूप हवा भरतोय! टाकी कुठे गळते ते आपल्याला कळू नये, आणि गाडी चालवून दाखवायच्या चाचणीत आपण तोंडघशी पडावं म्हणून.

"आईशप्पथ, मी पंपाला हातही लावला नाही रे!" वेदांग म्हणाला.

सिद्धेशने पंपाचा दांडाच काढून घरी नेला.

सकाळी काटा... पुन्हा वर.

म्हणजे याच्याकडे दुसरा दांडा आहे. सिद्धेशने जाऊन बॉसचे कान भरले. वेदांगची नोकरी गेली.

चाचणीच्या दिवशी भर दुपारी जुन्या धावपट्टीवर दाट धुकं होतं. सिद्धेशने हवा भरली, सवयीने दांडा काढून खिशात टाकला. डावीकडे बसायला आता कोणी नव्हतं; एका फेरीला एवढी हवा पुरेल, म्हणून एकटाच निघाला.

अर्ध्या वाटेत काटा घसरू लागला. इंजिन अडखळलं.

आता बंद पडली तर आपलीही नोकरी गेली!

तेवढ्यात डावीकडून आवाज आला...

खट्... खट्... खट्...

काटा चढला. इंजिन पुन्हा गरजलं.

सिद्धेशने खिसा चाचपला.

दांडा खिशातच होता.

डावीकडे पाहायची त्याची हिंमतच झाली नाही.

"गेनाऊ! अगदी अस्संच! एकट्याने जमवलंस!" बॉसने हात मिळवला. सिद्धेश कायम झाला.

संध्याकाळी वेदांगचा फोन आला. "आल्झो, तर मी नाशिकला परत चाललोय. एवढंच सांग, अजूनही तुला वाटतं ते मीच केलं?"

नाही म्हणावं, तर मग कोणी केलं? सिद्धेशने फोन ठेवून दिला. त्याची लाज त्याला अजून वाटते.

आता त्या गाडीवर तो एकटाच काम करतो. दांडा त्याच्या घरी कपाटात कुलपात असतो.

काटा रोज सकाळी वर असतो.

आणि संशय घ्यायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.